193 लावला की सैनिक का येतो? ब्राझीलच्या लष्करी अग्निशमन दलाची गोष्ट

ब्राझीलमध्ये घराला आग लागली, मोटार दरीत गेली किंवा पुरात छतावर माणसं अडकली, की लोक 193 लावतात. मदतीला जो धावून येतो, तो कायद्याच्या नजरेत सैनिक असतो. त्याला शिपाई, कार्पोरल, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन असा हुद्दा असतो. वरिष्ठ समोर आला की सलाम ठोकावा लागतो. कामावर असताना लष्करी कायद्यातला गुन्हा घडला, तर खटला लष्करी न्यायालयात चालतो. संघटना काढायची नाही, संप करायचा नाही. आणि तरीही हा माणूस देशाच्या लष्करात नोकरीला नाही. त्याला पगार राज्य देतं आणि त्याच्यावरचा शेवटचा शब्द निवडून आलेल्या गव्हर्नरचा असतो.

जगात बहुतेक ठिकाणी आग विझवणं हे नगरपालिकेचं किंवा राज्याच्या एखाद्या नागरी खात्याचं काम आहे. ब्राझीलने ते सैनिकी शिस्तीच्या दलाकडे दिलं आणि त्या दलाला पोलिसांच्या शेजारी, देशाच्या सार्वजनिक सुरक्षा व्यवस्थेत बसवलं. याचे फायदे मोठे आहेत आणि तोटेही खरे आहेत. माझं मत आधीच सांगतो. एका हुकुमावर हलणारं, महिनोन्महिने न थकणारं दल ही या रचनेची खरी कमाई आहे. पोलिसांशी आणि लष्कराशी बांधलेली गाठ मात्र इतिहासाने मागे ठेवलेलं ओझं आहे, आणि ते सगळ्यात खालच्या हुद्द्यावरचा माणूस वाहतो.

घटनेत जागा कुठे?

ब्राझीलची सध्याची राज्यघटना 1988 ची. तिचं कलम 144 सार्वजनिक सुरक्षेबद्दल आहे. (हा आकडा ऐकला की आपल्याला जमावबंदी आठवते, तिथे तो साऱ्या सुरक्षा यंत्रणेचा पाया आहे.) हे कलम सांगतं की सुरक्षा देणं राज्यसंस्थेचं कर्तव्य आहे, ती सगळ्यांचा हक्क आहे आणि सगळ्यांची जबाबदारीही. मग ती कोण देणार याची यादी येते: केंद्रीय पोलीस, केंद्रीय महामार्ग पोलीस, केंद्रीय रेल्वे पोलीस, राज्यांचे नागरी पोलीस, आणि राज्यांचे लष्करी पोलीस व लष्करी अग्निशमन दलं. 2019 मध्ये घटनादुरुस्ती करून तुरुंग पोलीसही यादीत आले.

यातले लष्करी पोलीस म्हणजे सैनिकांवर नजर ठेवणारे पोलीस नव्हेत. रस्त्यावर गणवेशात गस्त घालणारे नेहमीचे पोलीस तेच. गुन्ह्याचा तपास नागरी पोलीस करतात. अग्निशमन दलाकडे कायद्याने ठरवून दिलेल्या कामांबरोबरच आपत्तीत लोकांचं रक्षण करण्याची अंमलबजावणी सोपवली आहे. त्यामुळे पूर, दरडी, कोसळलेल्या इमारती हे सगळं त्यांच्या अंगावर येतं. पुढे याच कलमात म्हटलं आहे की लष्करी पोलीस आणि अग्निशमन दलं ही लष्कराची सहायक आणि राखीव दलं आहेत, पण ती गव्हर्नरच्या हाताखाली राहतील. कलम 42 त्यांना 'राज्यांचे सैनिक' ठरवतं.

अशी एकूण 27 दलं आहेत: 26 राज्यांची प्रत्येकी एक आणि राजधानी ब्राझिलियाच्या केंद्रीय जिल्ह्याचं एक. राजधानीचं दल केंद्राच्या पैशावर चालतं, बाकीची आपापल्या राज्यांच्या. सगळ्यांत वरचा हुद्दा कर्नलचा. राज्याच्या दलात जनरल नसतो. ती पायरी लष्करासाठीच राखलेली आहे.

यावर 2018 मध्ये आणखी एक मजला चढला. जूनमध्ये झालेल्या कायदा क्रमांक 13,675 ने देशभर एकच सार्वजनिक सुरक्षा व्यवस्था उभी केली. केंद्राचे पोलीस, राज्यांची दलं, नगरपालिकांचे रक्षक, गुन्हे वैद्यक तज्ज्ञ आणि आपत्ती निवारणाची कार्यालयं या सगळ्यांनी माहिती वाटून घ्यावी, संयुक्त मोहिमा आखाव्यात, प्रशिक्षणाची पातळी सारखी ठेवावी, हा तिचा हेतू. त्यासाठी राष्ट्रीय सुरक्षा निधीतून राज्यांना पैसे जातात आणि त्या निधीत लॉटरीच्या उत्पन्नाचा वाटा असतो. अग्निशमन दलं या व्यवस्थेत पोलिसांच्या बरोबरीने सदस्य आहेत.

मला ही कल्पना मनापासून पटते. सुरक्षा म्हणजे चोरापासून वाचणं एवढंच नाही. दरडीखाली घर गेलेलं कुटुंब लुटल्या गेलेल्या कुटुंबाइतकंच असुरक्षित असतं. अडचण अशी की सुरक्षेची चर्चा सुरू झाली की ती बघता बघता गुन्हेगारीकडे वळते, आणि आग व पाणी यांचं बोलणं पुढच्या दुर्घटनेपर्यंत बाजूला पडतं.

बादशाही हुकूम ते लष्करी राजवट

रिओ दि जानेरो राजधानी असतानाच्या काळात आग लागली की चर्चच्या घंटा वाजत आणि लोक बादल्या, पिंपं घेऊन धावत. आग विझवणाऱ्या टोळ्या होत्या, पण विखुरलेल्या: एक लष्कराच्या शस्त्रागाराची, एक नौदलाच्या शस्त्रागाराची, एक बांधकाम खात्याची, एक तुरुंगाची. 2 जुलै 1856 रोजी सम्राट दुसरे पेद्रो यांनी हुकूम काढून या सगळ्यांना एका तात्पुरत्या दलात गुंफलं. 2 जुलै हा दिवस ब्राझीलमध्ये आजही अग्निशमन जवानांचा दिवस म्हणून पाळतात. 1880 मध्ये रिओच्या दलाला लष्करी रचना आणि लष्करी हुद्दे मिळाले. त्याच वर्षी साओ पावलो शहरात 20 माणसांचं दल उभं राहिलं.

सैनिकी साचा तेव्हा सोयीचाच होता. आगीपुढे वाद घालायला वेळ नसतो. कोण शिडी धरणार, कोण आत जाणार, कोण पंपावर थांबणार हे आधी ठरलेलं असावं लागतं, आणि "बाहेर या" म्हटलं की बाहेर यावंच लागतं. पॅरिसमध्ये नेपोलियननेही याच विचाराने 1811 मध्ये लष्करी दल उभं केलं होतं. आदल्या वर्षी ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या घरी चाललेल्या नृत्यसमारंभात भीषण आग लागली आणि मदत कुचकामी ठरली, हे त्याने स्वतः पाहिलं होतं.

'लष्कराचं राखीव दल' ही ओळख मात्र आगीतून आलेली नाही. ती राजकारणातून आली. 1889 मध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आलं आणि मोठ्या राज्यांनी आपापल्या सशस्त्र फौजा पोसल्या. साओ पावलो तर 1932 मध्ये केंद्राविरुद्ध युद्धालाच उभं राहिलं. केंद्राने धडा घेतला आणि 1934 च्या घटनेने राज्यांच्या लष्करी पोलिसांना लष्कराचं राखीव दल ठरवलं, म्हणजे त्यांची शस्त्रं आणि रचना केंद्राच्या नजरेखाली आली. 1964 ते 1985 या लष्करी राजवटीत, 1969 च्या फर्मानाने ही पकड आणखी घट्ट झाली. अनेक राज्यांत अग्निशमन दल हा लष्करी पोलिसांचाच एक विभाग असल्याने तेही या साच्यात ओढलं गेलं. राज्यांच्या बंदुका ताब्यात ठेवायला केलेला नियम पाण्याच्या पंपालाही लागू झाला, आणि लोकशाही परत आल्यावरही तो घटनेत टिकला.

पोलिसांच्या घरातून बाहेर

गेल्या काही दशकांत एकेका राज्याने आपलं अग्निशमन दल पोलिसांपासून वेगळं केलं आहे. ते लष्करीच राहिलं, पण त्याचा सेनापती वेगळा, अंदाजपत्रक वेगळं, भरती वेगळी. साओ पावलो हा मोठा अपवाद. तिथलं दल लष्करी पोलिसांचाच भाग आहे. रिओ ग्रांदे दो सुल या दक्षिणेकडच्या राज्यात हे वेगळं होणं एका भयंकर रात्रीनंतर घडलं.

27 जानेवारी 2013 च्या पहाटे सांता मारिया शहरातल्या 'किस' नावाच्या नाइटक्लबमध्ये विद्यार्थ्यांची गर्दी होती. मंचावरच्या वाद्यवृंदातल्या एकाने हातातली फुलबाजीसारखी शोभेची दारू पेटवली. ठिणग्या छताला गेल्या. आवाज घुमू नये म्हणून छताला फोम लावला होता. तो पेटला आणि त्यातून सायनाइडयुक्त विषारी धूर निघाला. बाहेर पडायला दार एकच. सुरुवातीला दारावरच्या रखवालदारांना आत काय चाललंय हे कळलं नाही आणि बिल न भरता निघालेल्यांना त्यांनी अडवलं. अंधारात कित्येक जण स्वच्छतागृहाला बाहेरचं दार समजून तिकडे धावले. 242 जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. बाहेर पडलेले काही तरुण मित्रांना काढायला पुन्हा आत गेले आणि परतले नाहीत.

मग प्रश्न आला, या जागेला परवानगी कोणी दिली? इमारतीत आगीपासून बचावाची सोय आहे की नाही हे तपासून दाखला देणं हे अग्निशमन दलाचं काम. तेव्हा त्या राज्यात दल लष्करी पोलिसांच्या अखत्यारीत होतं. दलातल्या काही जणांवर लष्करी न्यायालयात खटले चालले. 2014 मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन दल पोलिसांपासून वेगळं झालं. 30 मार्च 2017 रोजी देशपातळीवर कायदा क्रमांक 13,425 झाला. लोक त्याला 'किस कायदा' म्हणतात. लोकांची ये-जा असलेल्या इमारतींच्या आगप्रतिबंधक योजना तपासणं, मंजूर करणं, पाहणी करणं हे लष्करी अग्निशमन दलाचं काम असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. इशारा देणं, दंड करणं, जागा बंद करणं हेही त्यात येतं.

या कामाला टाळ्या मिळत नाहीत. हातात वही घेऊन एखादा सार्जंट दाराची रुंदी मोजतो, जिना मोकळा आहे का बघतो, छताला काय लावलंय ते विचारतो. पण मोठ्या आगींचा इतिहास वाचला तर माणसं बहुधा इथेच वाचतात किंवा मरतात. 1 फेब्रुवारी 1974 ला साओ पावलोतली जोएल्मा ही 25 मजली इमारत पेटली. बाराव्या मजल्यावरच्या वातानुकूलन यंत्रातल्या शॉर्ट सर्किटने सुरुवात झाली. धुरापासून वेगळा असा सुटकेचा जिना नव्हता. दोनच वर्षांपूर्वी त्याच शहरात आंद्राउस इमारतीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने लोकांना उचललं होतं, त्यामुळे जोएल्मातही अनेक जण वर पळाले. पण इथे हेलिकॉप्टर उतरेल अशी गच्चीच नव्हती, आणि उष्णता व धूर जवळ येऊ देत नव्हते. मृतांचा आकडा 180 च्या आसपास गेला. जवानांच्या शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचत नव्हत्या. त्या दिवशी शौर्य कमी पडलं नव्हतं. जिना कमी पडला होता. नंतर शहराचे बांधकामाचे नियम बदलले.

2 सप्टेंबर 2018 च्या रात्री रिओतलं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तेव्हाही असंच झालं. दल आलं, पण जवळच्या हायड्रंटमध्ये, म्हणजे आगीच्या बंबासाठी बसवलेल्या नळात, पुरेसं पाणी नव्हतं. टँकर मागवावे लागले, शेजारच्या बागेतल्या तळ्यातून पाणी उपसावं लागलं. दोन शतकं जमवलेला ठेवा त्या वेळात राख झाला. इतक्या शिस्तीचं दल आणि नळाला पाणी नाही, याने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

ब्रुमाजिन्यो

लष्करी रचनेने नेमकं काय दिलं हे पाहायचं तर मिनास जेराइस राज्यात जावं लागतं.

25 जानेवारी 2019, दुपारचे 12 वाजून 28 मिनिटं. ब्रुमाजिन्यो गावाजवळच्या लोहखनिजाच्या खाणीत, धुतलेल्या खनिजाचा उरलेला गाळ साठवणारं वाले कंपनीचं धरण फुटलं. 86 मीटर उंचीचं ते धरण वापरात नव्हतं. पण आत साठलेला गाळ पाण्याने भिजलेलाच होता, आणि तो एका झटक्यात द्रवासारखा वाहू लागला. सुमारे 1 कोटी 20 लाख घनमीटर गाळ खाली आला. धरणाच्या थेट खालच्या बाजूला कंपनीची कार्यालयं आणि कामगारांचं उपाहारगृह होतं. जेवणाची वेळ होती. भोंगा वाजलाच नाही. 270 माणसं गेली. मेलेल्यांत दोन गर्भवती होत्या, म्हणून घरचे लोक 272 म्हणतात.

राज्याच्या लष्करी अग्निशमन दलाने शोध हाती घेतला. पहिल्या दिवसांत गाळ इतका पातळ होता की उभं राहिलं तर माणूस कमरेपर्यंत रुतायचा. जवान पोटावर झोपून, वजन पसरून सरपटत पुढे जात. हेलिकॉप्टर जमिनीपासून थोडंच वर तरंगत ठेवून माणसं आणि मृतदेह वर घेतले जात. नंतर कुत्री आली. गाळ वाळत गेला तशी खोदकामाची यंत्रं आली. प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी एक जवान उभा असायचा, बकेटमध्ये कापडाचा तुकडा किंवा हाड दिसतं का ते बघत.

शोध आंधळेपणाने चालला नव्हता. फुटण्याच्या क्षणी कोण कुठे काम करत होतं, कोणती गाडी कुठे उभी होती, तिचा भाग नंतर किती लांब सापडला, यावरून गाळाने काय कुठे वाहून नेलं याचे नकाशे बनवले. क्षेत्राचे तुकडे पाडून प्रत्येकाची नोंद ठेवली. पुढच्या टप्प्यात गाळ उपसून चाळण्यांवरून सोडण्याची केंद्रं उभारली आणि टनावारी माती बारकाईने तपासली. इतर राज्यांची दलं आळीपाळीने आली. 2020 मध्ये कोरोनामुळे काही महिने काम थांबलं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालं. ब्राझीलच्या इतिहासातली ही सगळ्यात लांब शोधमोहीम. 2025 च्या सुरुवातीपर्यंत 270 पैकी 268 जणांची ओळख पटली होती.

वर्षांमागून वर्षं एका खोऱ्यात, जिवंत कोणी सापडणार नाही हे ठाऊक असताना, केवळ घरच्यांना दफन करायला काही मिळावं म्हणून खणत राहणं. जिवलगांना घरचे लोक 'रत्नं' म्हणत, आणि जवानांनीही तोच शब्द उचलला. पाळ्या ठरलेल्या, नोंदी काटेकोर, कमांडर बदलला तरी काम त्याच जागेपासून पुढे. हे सातत्य सैनिकी घडणीतून आलं असं मला वाटतं. नागरी दलाला ते जमणारच नाही असं नाही, पण इथे ते घडलं आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. याच मिनास जेराइसचे जवान ब्रुमाजिन्योनंतर काही आठवड्यांतच, इदाय चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या मोझांबिकला मदतीला गेले होते.

एकाच साच्यातली दलं असण्याचा आणखी एक फायदा 2024 मध्ये दिसला. एप्रिलअखेर आणि मे महिन्यात रिओ ग्रांदे दो सुलमध्ये अभूतपूर्व पूर आला, 180 हून अधिक माणसं गेली, राज्याचा बहुतेक भाग तडाख्यात सापडला. इतर राज्यांची पथकं होड्या आणि हेलिकॉप्टरं घेऊन पोहोचली. हुद्दे तेच, हुकुमाची भाषा तीच, त्यामुळे परक्या राज्यात कोणाच्या हाताखाली काम करायचं हे लगेच ठरतं. कानोआस शहरात एका घराच्या छतावर उभा राहिलेला 'कारामेलो' नावाचा घोडा सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. त्याला भूल देऊन होडीतून आणणाऱ्या पथकात साओ पावलोचे अग्निशमन जवान होते.

ज्यांना बोलायची मुभा नाही

हीच शिस्त उलटी कशी फिरते हे 2011 मध्ये रिओने दाखवलं. तिथे समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षकही अग्निशमन दलाचेच सैनिक असतात. कोपाकबानाच्या वाळूत शिट्टी घेऊन बसलेला माणूसही हुद्देदार. त्यांचा पगार देशातल्या सगळ्यात कमी पगारांपैकी होता, महिन्याला हातात सुमारे 950 रेआइस (ब्राझीलचं चलन). काही महिने मागण्या चालल्या. 3 जूनच्या रात्री शेकडो जवान, कित्येकांबरोबर बायकामुलं, दलाच्या मुख्यालयात घुसून बसले. पहाटे लष्करी पोलिसांचं विशेष पथक आत शिरलं आणि 439 जणांना अटक झाली. गव्हर्नर सेर्जिओ काब्राल यांनी त्यांना नासधूस करणारे म्हटलं. लोकांचा कौल वेगळा होता. रिओत गाड्यांवर, खिडक्यांवर लाल फिती दिसू लागल्या, हजारो लोक जवानांसाठी रस्त्यावर आले. अटकेतले सुटले आणि त्याच वर्षी संसदेने माफीचा कायदा केला. आंदोलनाच्या पुढाऱ्यांपैकी कार्पोरल बेनेवेनुतो दासिओलो 2014 मध्ये खासदार झाले आणि 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले.

नियम मात्र तोच आहे. घटना सैनिकाला संघटना आणि संप नाकारते आणि ती बंदी राज्यांच्या सैनिकांनाही लागू आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षेच्या कामात थेट असलेल्या नागरी पोलिसांनाही संपाचा हक्क नाही असं ठरवलं. शिस्तभंगासाठी वरिष्ठाच्या हुकमाने जवानाला कोठडीत टाकण्याची शिक्षा 2019 च्या कायद्याने रद्द केली होती. 2022 मध्ये न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला.

आग लागली असताना संप नको, हे मला मान्य आहे. पण जो संप करू शकत नाही त्याचं म्हणणं ऐकायला दुसरी वाट हवी. अपुरी हत्यारं, फाटके बूट, अति लांब पाळ्या हे विषय शिस्तीचे नसून जिवाचे असतात, आणि ते वर पोहोचले नाहीत तर शेवटी मदत मागणारा नागरिकच उघडा पडतो. दोन दारांनी होणारी भरती ही दरी वाढवते: एका दाराने येणारा शिपाई म्हणून सुरू होतो, दुसऱ्या दाराने येणारा अकादमीतून थेट अधिकारी होतो.

डिसेंबर 2023 मध्ये लष्करी पोलीस आणि अग्निशमन दलांसाठी नवा राष्ट्रीय कायदा आला, क्रमांक 14,751. 1969 च्या फर्मानाची जागा बऱ्याच अंशी त्याने घेतली. भरतीत स्त्रियांना किमान 20 टक्के जागा त्यात आहेत. अनेक राज्यांत आधी असा आकडा उलटा, म्हणजे कमाल मर्यादा म्हणून वापरला जात होता. सर्वोच्च न्यायालयाने अशा मर्यादा मोडून काढल्या. लष्कराचं राखीव दल ही ओळख मात्र नव्या कायद्यातही कायम आहे.

इतरांनी काय केलं

फ्रान्सने लष्करी दल दोनच शहरांत ठेवलं. पॅरिसचं दल भूदलाच्या अभियंता शाखेत आहे. 15 एप्रिल 2019 ला नोत्र दाम कॅथेड्रलची आग विझवणारे तेच. मार्सेचं दल नौदलाचं. 1938 मध्ये तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या आगीत 73 जण गेले आणि शहराचं दल विस्कळीत असल्याचं उघड झालं, म्हणून पुढच्या वर्षी ते नौदलाकडे दिलं. बाकी देशात नागरी आणि स्वयंसेवक जवान.

चीन उलट्या दिशेने गेला. तिथे आग विझवणारे सशस्त्र पोलीस दलाचे सैनिक असत आणि सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाच्या हाताखाली काम करत. त्यांतले बरेचसे थोड्या वर्षांच्या सेवेवर आलेले तरुण होते. अनुभव जमतो न जमतो तोच घरी जायची वेळ. 2015 मध्ये त्यानजिन बंदरातल्या रसायनांच्या स्फोटात आग विझवायला गेलेले कित्येक जण मारले गेले. 2018 मध्ये चीनने दलाचा लष्करी दर्जा काढला आणि ते नव्या आपत्ती व्यवस्थापन मंत्रालयाकडे दिलं. ब्राझीलमध्ये ही अडचण नाही, कारण तिथले बहुतेक जवान कायमस्वरूपी नोकरीत असतात आणि त्याच कामात म्हातारे होतात. म्हणूनच तिथे लष्करी दर्जा काढा म्हणणाऱ्यांचा जोर पोलिसांवर जास्त आणि अग्निशमन दलावर कमी असतो. विश्वासाच्या सर्वेक्षणांत हे दल वर्षानुवर्षं पहिलं येत आलं आहे.

जिथे 193 ची गाडी दूर आहे

ब्राझीलमध्ये साडेपाच हजारांहून अधिक नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत लष्करी अग्निशमन दलाचं ठाणंच नाही. आग लागली तर गाडी शेजारच्या गावातून येते. ठाणं, गाडी आणि पुरेसे सैनिक यांचा खर्च राज्याच्या तिजोरीवर, त्यामुळे दल मोठ्या शहरांत दाट आणि आतल्या भागात विरळ.

ही पोकळी वेगवेगळे लोक भरतात. ॲमेझॉन आणि पान्तानाल या पाणथळ प्रदेशातल्या वणव्यांत राज्यांच्या जवानांबरोबर केंद्राच्या पर्यावरण संस्थेची नागरी पथकं असतात. त्यांत आदिवासी गावांतले स्थानिक तरुणही असतात, आणि वारा कुठून फिरेल हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा आधी कळतं. दक्षिणेत सांता कातारिना राज्यात जॉइनविल शहरात जर्मन वंशाच्या रहिवाशांनी 1892 मध्ये स्वयंसेवकांचं दल काढलं. ते आजही चालू आहे आणि देशातलं सगळ्यात जुनं स्वयंसेवी दल मानलं जातं. शेजारच्या काही गावांनीही तोच मार्ग धरला.

घटनेत मात्र नाव आहे ते लष्करी दलाचं. त्यामुळे स्वयंसेवकांनी इमारतींची तपासणी करावी का, दाखला त्यांचा चालेल का, गणवेश कोणता घालावा, यावरून वाद होत राहतात. किस कायद्याने यातलं थोडं मोकळं केलं: जिथे लष्करी ठाणं नाही तिथे नगरपालिकेला राज्याच्या दलाशी करार करून स्थानिक व्यवस्था उभी करता येते. माझ्या मते पुढचे पैसे आणि पुढची भांडणं इथे खर्च व्हायला हवीत. सांता कातारिनाच्या लष्करी दलाने स्वतःच गावकऱ्यांना शिकवून आपल्या ठाण्यांत पाळीला घ्यायला सुरुवात केली आहे. तिथे एकाच गाडीत सार्जंटही असतो आणि दिवसा आपलं नेहमीचं काम करणारा गावकरीही, आणि आगीच्या जागी हुकूम एकाचाच चालतो.